डिस्को लोटूचा बत्तीवाला कोट

मोनालीचे आबा सकाळी दूध आणायला पोपटी बेलबॉटम घालून निघायचे. ज्यांनी बेलबॉटम पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, मांडीला घट्ट आणि खाली पायाशी इतकी ऐसपैस की आबा चालले की अंगणातला पाचोळा आपोआप बाजूला व्हायचा. आजी म्हणायची, चला, झाडू मारायचं वाचलं. वर जांभळा शर्ट, गळ्यात रुमाल आणि सूर्य उगवायच्या आधीच डोळ्यांवर गॉगल. गोठ्यातल्या म्हशी त्या पँटला बिचकायच्या, म्हणून दूधवाला रांग मोडून आबांचीच किटली आधी भरून द्यायचा. बुऱ्हाणपूरच्या लालबागेत लोटू पाटलांचं घर विचारलं तर लोक डोकं खाजवायचे. डिस्को लोटूचं घर विचारलं की शेंबडं पोरसुद्धा हात धरून दारात आणून सोडायचं.

लहान होती तेव्हा मोनालीला याची भयंकर लाज वाटायची. शाळेच्या फाटकाशी गॉगलवाले आबा दिसले की ती मैत्रिणींच्या मागे दडायची. पण अकरावीत गेल्यावर तिच्यात काय शिरलं कोण जाणे. पंधरा ऑगस्टला पहिल्यांदा माइक हातात घेतला, आवाज न कापता सगळा कार्यक्रम बोलून काढला, आणि त्या दिवसापासून तिला वाटायला लागलं की हे आपल्याला कुठून आलं ते आपल्याला माहीत आहे. आता ती वर्गात छाती पुढे काढून सांगायची, माझे आबा डिस्को लोटू आहेत, बोला.

नेमकं तिला सांगावंसं वाटायला लागलं तेव्हा आबा डिस्को लोटू राहिले नव्हते.

मागच्या वर्षी गणपतीच्या थोडं आधी शारदाआजी गेली, आणि आबांनी रंग सोडले. पांढरा पायजमा, पांढरी बंडी, दारातली प्लास्टिकची खुर्ची. दूध मोनालीचे पप्पा आणायला लागले. वर्षश्राद्ध झालं, घरात पुन्हा गोडधोड सुरू झालं, पण आबा त्या खुर्चीतून उठले नाहीत. बोलायचे, जेवायचे, टीव्हीसमोर डुलक्याही काढायचे. पण गाणं लागलं की पूर्वी त्यांच्या पायाचा अंगठा चपलेत आपोआप हलायचा, तो हलायचा बंद झाला होता. मोनाली रोज त्या अंगठ्याकडे बघायची.

आबांची गोष्ट तिला तोंडपाठ होती, कारण ती आजीनं सांगितलेली होती, आणि आजी कधी वाढवून सांगत नसे. वाढवायची गरजच नव्हती.

जसोंडी गावात त्यांची केळीची बाग. रांगेनं उभी असलेली केळीची झाडं ही लोटूची पहिली पब्लिक. वाऱ्यानं पानं फडफडली की तो टाळ्या समजून वाकून नमस्कार करायचा. एकदा त्याच्या बापानं त्याला केळीसमोर कंबर हलवताना पाहिलं आणि पोराला झपाटलं म्हणून भगताकडे नेलं. भगतानं उतारा करायला ढोल वाजवला. लोटूनं त्या ढोलावर असा ठेका धरला की भगत मंत्र विसरला आणि बघत बसला. शेवटी बापानं त्याला नेपानगरला मामाकडे पाठवून दिलं. मामा अमळनेरकडून येऊन तिथल्या पेपर मिलमध्ये लागलेला. मिलचा भोंगा ऐकला की पोरगं सरळ होईल, असा हिशेब. पण मिलच्या क्लबात मैदानावर पडदा लावून सिनेमे दाखवायचे, आणि त्याच वर्षी पडद्यावर डिस्को आला. झालं. पोरगं कायमचं वाकडं झालं.

क्लबाच्या गणपतीत लोटूनं पहिला शो केला तो स्वतःच्या हातानं बनवलेल्या गोळ्याखाली. डिस्कोला वर फिरणारा आरशांचा गोळा लागतो, तो कुठून आणायचा? त्यानं पाण्याचा माठ घेतला, त्यावर रद्दी कागदाचा लगदा थापला, न्हाव्यांकडून फुटके आरसे मागून आणले आणि लगदा ओला असतानाच एकेक तुकडा बसवला. विहिरीच्या दोरानं गोळा वर टांगला. दोराला पीळ देऊन सोडला की गोळा एकदा इकडून फिरायचा, एकदा तिकडून. मध्येच एक आरसा सुटून पेटीवाल्याच्या पेटीत पडला आणि पेटी तेवढा एक सूर सोडून वाजत राहिली. पण समोरच्या बायका-पोरांच्या अंगावरून उजेडाचे ठिपके पळाले तेव्हा लोटूला कळलं की आता मिलमध्ये मन लागणार नाही. नोकरी पक्की व्हायच्या आतच त्यानं ती सोडली. मामा त्यानंतर त्याच्या लग्नातच बोलला.

लग्न कसं जमलं, तेही ऐका. लोटूनं पांढऱ्या साटीनचा कोट शिवला होता आणि त्याला कोटावर बत्त्या हव्या होत्या. बुऱ्हाणपूरच्या शनवारा भागात एक जण रेडिओ दुरुस्त करायचे, विहिरीच्या जळक्या मोटारींत नवी तार भरायचे. लोटू कोट घेऊन त्यांच्याकडे गेला. ते पोट धरून हसले. म्हणाले, माणसाला बत्त्या लावायच्या? तू काय गणपतीचा मांडव आहेस? आत त्यांची मुलगी शारदा खाली मान घालून तारेला कथिलाचा डाग देत बसली होती. तिनं मान वर न करता एकच विचारलं, "नाचताना उजवा हात किती वर जातो?"

लोटूनं दुकानाच्या पायरीवरच नाचून दाखवलं. तिनं उठून हाताची लांबी मापली, कारण तार कमी पडली तर तुटेल आणि जास्त झाली तर लोंबेल. आबा नेहमी म्हणायचे की आपल्याला आजवर हजारो लोकांनी पाहिलं, पण मापलं हिनंच.

तर असा तो बत्तीवाला कोट. कॉलरपासून खालपर्यंत टॉर्चचे छोटे बल्ब, त्यांच्यावर पतंगाचा रंगीत जिलेटिन कागद. अस्तरातून गेलेल्या तारा, पाठीतून निघणारी लांब वायर, पडद्यामागे ट्रॅक्टरची बॅटरी, आणि बॅटरीजवळ शारदा. तिच्या मांडीवर पोळपाट. हो, पोळ्या लाटायचा पोळपाटच, त्यावर दाराच्या घंटीची तीन बटणं ठोकलेली. लाल, पिवळं, निळं. दाबलं की पेटायचं, सोडलं की विझायचं. दुसऱ्या हातानं ती वायरला ढील द्यायची, पतंगाला देतात तशी.

लोटूची नाचगाण्याची पार्टी गावोगाव जायची ती केळीच्या ट्रकमधून, कारण रावेर, सावदा, खकनार, जिकडे जावं तिकडे केळीचा ट्रक जातच असायचा आणि ड्रायव्हर ओळखीचे. केळीच्या घडांवर बसून पांढऱ्या साटीनचा कोट न्यायचा म्हणजे काय होणार? चीक लागणार. आणि केळीचा चीक एकदा लागला की काळा पडतो, मग तापीच्या सगळ्या पाण्यानंही निघत नाही. इकडच्या शेतकऱ्याच्या कुठल्याही शर्टाला विचारा. पहिला डाग पडला तेव्हा लोटू रडकुंडीला आला. शारदानं जरीची तार ओढणाऱ्या तारकशीवाल्यांकडून उरलीसुरली जर आणली आणि डागावर तारा भरला. पुढच्या दौऱ्यात दुसरा डाग, दुसरा तारा. काही वर्षांत कोट आकाशासारखा दिसायला लागला आणि लोक म्हणाले, काय श्रीमंती आहे. लग्नातले नवरदेवसुद्धा तसे तारे मागायला लागले. ताऱ्याखाली काय आहे ते दोघांनाच माहीत.

एकदा सावद्याला स्टेज ओलं होतं. लोटू गिरकी घेताना सपशेल आडवा झाला. शारदानं तिन्ही बटणं एकदम सोडली. गुडुप अंधार. अंधारात लोटू उठला, हात पसरले आणि बुटाची टाच फळीवर आपटली. ती टाच ऐकून तिनं सगळं पेटवलं. लोकांना वाटलं हाच तर आयटम आहे, शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घेतला. तेव्हापासून त्यांचं ठरून गेलं. लोटू पडला की अंधार, टाच वाजली की उजेड. बाकी दुनियेनं लोटूला पडलेलं कधी पाहिलं नाही.

आणि डोईफोडिया गावातली रात्र तर अजून लोक सांगतात. ऐन शोमध्ये गावाची लाइट गेली. माइक बंद, गिटार बंद, लोक उठायला लागले. पण कोट बॅटरीवर होता. ढोलकीवाला वाजवत राहिला, शारदा बटणं दाबत राहिली, आणि काळ्याकुट्ट अंधारात माणूस न दिसता नुसते तारे नाचले. एक म्हातारी पुढे येऊन पाया पडली होती म्हणे.

मग घरोघरी व्हिडिओ आला, पार्ट्या बसल्या. लोटूनं केळीच्या लिलावात बोली पुकारायचं काम धरलं आणि तेही असं धरलं की व्यापारी माल घ्यायला नाही, ऐकायला यायचे. पण ती दुसरी गोष्ट.

यंदा गणपतीच्या तयारीत मंडळाचा मयूर घरी आला. मयूर म्हणजे गल्लीतलाच, मोबाइलचं दुकान आहे त्याचं आणि मंडळाचा अध्यक्ष म्हणून मिशी राखून आहे. तिसऱ्या दिवशी आरतीनंतर आबांचा सत्कार करायचा, शाल आणि श्रीफळ द्यायचं, असं म्हणाला. आबा म्हणाले, शाल दे, थंडीत कामी येईल. मयूर हसला. तेवढ्यात मोनालीच्या तोंडून निघून गेलं की आबा नाचतीलही.

मम्मी आतून दारात आली. मयूरनं मिशीला हात लावला. मोनालीला वाटलं, आता आबा रागावतील. आबांनी समोरच्या नळाकडे पाहिलं.

"कोट पाहिजे," ते म्हणाले. "अन् तिचा पोळपाट. दोन्ही असतील तर बघू."

मयूर गेल्यावर मोनालीनं खाली बघितलं. अंगठा हलला नव्हता. पण 'नाही' तर म्हटलं नव्हतं ना? वर्षभरात आबा पहिल्यांदा कशाला तरी 'बघू' म्हणाले होते, आणि तिला पक्कं कळत होतं की ही संधी गेली तर ते परत काही बघणार नाहीत. खुर्ची, बंडी, संपलं.

पोळपाट माळ्यावर सापडला. बटणांवर धूळ, पण दाबली की अजून टुणकन वर येत होती. कोट कुठे असायचा तेही तिला माहीत होतं. आजी तो आपल्या लग्नाच्या शालूत गुंडाळून साड्यांच्या गाठोड्यात ठेवायची, कारण तिच्या साड्यांना कोणी हात लावत नसे. मोनालीनं लोखंडी कपाट उघडलं. गाठोडं नव्हतं.

ती स्वयंपाकघरात गेली. मम्मी कणीक मळत होती.

"मम्मी, आजीच्या साड्यांचं गाठोडं कुठे ठेवलं?"

मम्मीचे हात थांबले. मोनालीनं परातीकडे पाहिलं. परात कोरी करकरीत होती, कडेला अजून दुकानाची चिठ्ठी चिकटलेली.

"ही परात कुठून आली?" तिनं विचारलं.

मम्मी खालीच बसली. वर्षश्राद्ध झालं की गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, असं शेजारणी म्हणाल्या. त्यात आबा कपाट उघडलं की साड्यांसमोर उभे राहायचे, ते तिला बघवत नव्हतं. भांडेवाली कोकिळाबाई आली तेव्हा तिनं गाठोडं न उघडताच देऊन टाकलं. उघडलं असतं तर देताच आलं नसतं, म्हणाली. बदल्यात परात आली आणि एक स्टीलची बादली.

"मला काय माहीत गं, सासूबाईंच्या साड्यांत आबांचा कोट असेल."

मोनाली चिडणार होती. पण मम्मीचं नाक लाल झालं होतं आणि हाताला कणीक लागलेली असल्यामुळे तिला डोळेही पुसता येत नव्हते. मोनालीनंच ओढणीनं पुसले आणि म्हणाली, "चल, स्कूटी काढते. आबांना काही बोलू नको."

मम्मीनं कणीक पातेल्यात काढली. जाता जाता काय वाटलं कोण जाणे, परात धुतली, पुसली आणि बरोबर घेतली.

कोकिळाबाई चौकात भांड्यांची टोपली मांडून बसलेली. तिला गाठोडं आठवत होतं. साध्या साड्या विकल्या गेल्या, म्हणाली, अन् जे जरीचं होतं ते कौतिकशेठला दिलं. कौतिकशेठ जुनी जर विकत घेतो, उसवतो आणि भट्टीत जाळतो. धागा जळून जातो, चांदी खाली राहते.

"भट्टी कधी लावतो?" मोनालीनं विचारलं.

"शनिवारी."

मम्मी आणि मोनालीनं एकमेकींकडे पाहिलं. शनिवारच होता.

कौतिकशेठच्या दुकानाच्या गल्लीत वळल्यावरच जळक्या धाग्याचा वास आला. दुकानात पोती, पोत्यांतून बाहेर आलेले जरीचे काठ, आणि मागच्या अंगणात धूर. कौतिकशेठ लठ्ठ, हसरा माणूस. पांढरा कोट म्हटल्याबरोबर त्यानं भिंतीकडे बोट केलं.

कोट खिळ्याला लटकत होता. तारे नव्हते.

एकूण एक उसवलेले. शिवणीच्या भोकांचे बारीक गोल तेवढे राहिलेले, आणि प्रत्येक गोलात चिकाचा काळा डाग. पिवळट पडलेल्या साटीनवर पाठीपासून पोटापर्यंत डागच डाग. मम्मीनं पदर तोंडाला लावला. मोनालीनं अस्तर चाचपलं. आत तारा होत्या. उसवणाऱ्यानं बल्बना हात लावला नव्हता, कारण बल्बमध्ये चांदी नसते.

"तारे तर गेले बेटा," कौतिकशेठ म्हणाला. "हा आता पॉवरलूमवाल्यांना देणार होतो. मशीनचं तेल पुसायला साटीन चांगलं."

मम्मी पुढे झाली आणि गल्ल्यावर परात ठेवली. "ही घ्या. कोट द्या."

"वहिनी, मी जरीचा धंदा करतो, भांड्यांचा नाही."

"मग आजपासून करा."

तो हसला, परात उलटून पाहिली, बोटानं वाजवून पाहिली आणि कोट काढून दिला. मोनालीला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की आपल्या आईतही थोडी डिस्को लोटू आहे.

घरी येताना दोघींनी ठरवलं की बाजारातून चमकी आणून डाग झाकायचे आणि मगच कोट दाखवायचा. पण दारात आबा खुर्चीत बसलेले, आणि मम्मीच्या हातातली पिशवी पुरेशी मोठी नव्हती. बाही बाहेर आली होती.

आबांनी हात पुढे केला. त्यांनी कोट मांडीवर पसरला आणि त्यावरून हात फिरवला, जिथे तारे होते तिथे बोट थांबत गेलं. मम्मी रडत सगळं सांगायला लागली, भट्टी, गाठोडं, परात. ते ऐकत होते की नाही कळेना.

"हा रावेरचा," ते एकदम म्हणाले. "ट्रक पंक्चर झाला होता. रात्रभर घडांवर झोपलो." बोट पुढे सरकलं. "हा खकनार. हा... हा सावद्याचा, स्टेजवर पडलो त्या दौऱ्यातला. हिनं सगळे झाकून टाकले होते. मीच विसरलो होतो खाली काय आहे ते."

मग त्यांनी मान वर करून मम्मीकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज बोली पुकारणाऱ्या लोटूचा होता. "लक्ष्मी, रडायचं बस कर बेटा. चमकी-बिमकी काही लावू नका. बॅटरी कोण आणतंय?"

बॅटरी पप्पांनी मयूरच्या गाडीची काढून आणली. सडलेल्या तारा बदलल्या, बरेच बल्ब नवे टाकले. मोनाली पोळपाट मांडीवर घेऊन पडवीत बसली, मोबाइलवर गाणं लावलं आणि तालावर बटणं दाबायला लागली. लाल, पिवळं, निळं, बरोबर ठेक्यात. तिला वाटलं, जमलं की.

आबा दोन पावलं टाकून थांबले. परत सुरू केलं, परत थांबले.

"तू गाण्याच्या मागे पळून राहिली," ते म्हणाले.

"ताल तर बरोबर आहे ना, आबा."

"ताल बरोबर आहे. पण शारदा गाण्याच्या पुढे असायची. पिवळं लागलं की मला कळायचं, आता गिरकी. लाल लागलं की आता थांबायचं अन् बघायचं लोकांकडे." ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "लोकांना वाटायचं मी गाण्यावर नाचतो. मी कधीच गाण्यावर नाचलो नाही, मोना. ती लावेल त्या बत्तीवर नाचायचो."

मोनालीच्या हातातला पोळपाट एकदम जड झाला. म्हणजे इतकी वर्षं डिस्को लोटूला नाचवलं ते पडद्यामागून, मांडीवर पोळपाट घेऊन बसलेल्या एका बाईनं? आणि ती बाई घरी आल्यावर त्याच हातानं भाकरी थापायची आणि म्हणायची, तुझ्या आबांसारखा कोणी नाही?

त्यानंतर गणपतीपर्यंत ती रोज शाळेतून आली की बसायची. जमेना. ती गाण्यामागे धावायची आणि आबा तिच्यामागे, आणि दोघंही उशिरा पोचायचे. आबा रागावत नव्हते, हीच भीती होती. ते दमून बसायचे आणि म्हणायचे, राहू दे, शाल घेऊन येऊ.

तिसऱ्या दिवशी आरती झाली, प्रसाद वाटून झाला, अंधार पडायला लागला. मांडवात सगळी गल्ली, जसोंडीहून आलेले भाऊबंद, केळीचे म्हातारे शेतकरी, पुढे जमिनीवर पोरंटोरं. आबांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि शाल मयूरच्या हातात परत देऊन कोट घातला. मागून पोरांचा खिदळण्याचा आवाज आला. एवढे डाग, धुतला नाही का, असं कोणीतरी म्हणालं. तेव्हा पुढच्या खुर्चीतले एक म्हातारबाबा शेजाऱ्याकडे वळून मोठ्यानं बोलले, "अरे, हा तर केळीचा चीक आहे."

आणि म्हाताऱ्यांची ती पूर्ण रांग हसली. चिडवणारं हसणं नाही, ओळख पटल्याचं. प्रत्येकाच्या घरी तसा एक शर्ट होता.

पडद्यामागे मोनालीनं पोळपाट मांडीवर घेतला. मांडवाचे दिवे मयूरनं बंद केले. गाणं सुरू झालं. तिनं ठेक्यावर लाल दाबलं, पिवळं दाबलं, आणि पडद्याच्या फटीतून पाहिलं की आबा नुसते उभ्या उभ्या हात हलवत आहेत. अवघडल्यासारखे. एकदा गाणं पुढे जात होतं, एकदा ती. आता हे असंच संपणार, लोक टाळ्या देतील दयेनं, आणि उद्या सकाळी परत ती बंडी.

तिनं तिन्ही बटणं सोडली.

गाणं चालू, स्टेजवर काळोख. लोक कुजबुजले. मोनालीनं गाणं ऐकणं बंद केलं. तिनं आबांना ऐकलं, त्यांचा श्वास, बुटाची चुळबुळ. आणि गाण्याची वाट न बघता, स्वतःच्या मनानं, पिवळं दाबलं.

आबा गरकन फिरले.

लाल. थांबले, आणि लोकांकडे असं पाहिलं की पुढची पोरं मागे सरकली. निळं, आणि कंबर हलली, तीच कंबर जिचं झपाटणं भगत उतरवू शकला नव्हता. मोनाली आता मागे नव्हती. ती सांगत होती आणि आबा करत होते, आणि कधी कधी आबा मागत होते आणि ती देत होती, वायरला ढील सुटत होती, अंधारात नुसते दिवे गोल फिरत होते आणि मधल्या पांढऱ्यावर चिकाचे डाग, जणू कोणी आकाश उलटं करून घातलं असावं. म्हातारे उभे राहिले होते. शिट्ट्या तर विचारू नका.

मग गिरकीत गुडघा गेला. तिनं पाहिलं, गुडघा वळला, हात हवेत गेला. विचार करायला वेळच नव्हता. बोटं आपोआप वर आली. अंधार.

धप्प असा आवाज झाला, पण गाण्यात फक्त तिलाच आला. तिला धावत जावंसं वाटलं. मम्मी शेजारून उठलेली तिला बांगड्यांवरून कळली, तिनं हाताला धरून थांबवलं. आता वाट बघायची, उजेड मागतील तेव्हाच द्यायचा. लोक शांत झाले. खूप वेळ गेला, किंवा अजिबात गेला नसेल.

टक्.

फळीवर टाच. तिनं तळहातानं तिन्ही बटणं एकदम दाबली.

आबा मधोमध उभे होते. हात पसरलेले, मान वर, छाती दिव्यांनी भरलेली. पूर्ण मांडवाला वाटलं, हाच तर आयटम आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोनालीला जाग आली ती आबांच्या आवाजानं. गुडघ्याला हळद-तेल लावलेलं, तरी ते आरशासमोर उभे. डोळ्यांवर गॉगल, अंगात जांभळा शर्ट, हातात दुधाची किटली.

"लक्ष्मी, माझी पोपटी पँट कुठे आहे गं? शारदा कोटाबरोबरच गाठोड्यात ठेवायची."

मम्मी न्हाणीघराच्या दारात होती. तिनं परातीबरोबर आलेल्या, कोपऱ्यातल्या नव्या स्टीलच्या बादलीकडे पाहिलं. मग मोनालीकडे.

मोनालीनं खुंटीवरची स्कूटीची किल्ली काढली. मम्मीनं बादलीतलं पाणी ओतून दिलं, फडक्यानं ती आतून-बाहेरून कोरडी पुसली, आणि काखेत धरून मागे बसली.